रिसर्च४लाइफ: जर्नल फुकट, पण चावी प्रकाशकाच्या खिशात

रिसर्च४लाइफबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं माझ्या तरी बघण्यात नाही, आणि कारण साधं आहे, भारत ह्या योजनेत बसतच नाही त्यामुळे इकडच्या बहुतेकांना ती वापरायची वेळच येत नाही. पण आपली बरीच माणसं शिकवायला, एखाद्या प्रोजेक्टवर नाहीतर आरोग्य खात्याच्या कामावर आफ्रिकेत, नेपाळला, आग्नेय आशियात जात असतात, आणि तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत प्रश्न पडतो की अरे, पेपर वाचायचे कुठून? त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. मी ही सर्व्हिस पूर्व आफ्रिकेतल्या एका विद्यापीठात शिकवताना वापरली, त्यामुळे वापराबद्दल लिहितोय ते स्वतःचं, आणि नियमांबद्दल बोलतोय ते त्यांच्या जाहीर नियमांवरून.

आधी हे आहे काय ते. वैद्यक, शेती, पर्यावरण, तंत्रज्ञान, कायदा अशा विषयांची जर्नल्स आणि पुस्तकं, जी एरवी वर्गणी भरल्याशिवाय उघडत नाहीत, ती कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना फुकट नाहीतर अगदी थोड्या पैशात वाचू देणारी सोय. पाच भाग आहेत आणि प्रत्येकामागे संयुक्त राष्ट्रांची एकेक संस्था उभी आहे. हिनारी सगळ्यात जुनं, २००२ चं, जागतिक आरोग्य संघटनेचं. मग अन्न आणि कृषी संघटनेचं अगोरा २००३ ला आलं, पर्यावरणाचं ओएआरई २००६ ला, पेटंटवाल्या वायपोचं आर्डी २००९ ला आणि शेवटी कामगार संघटनेचं गोआली २०१८ ला, त्यात कायदा आणि समाजशास्त्रं. पूर्वी प्रत्येकाची खिडकी वेगळी होती, आता एकाच पोर्टलवर सगळं दिसतं. सव्वाशेच्या आसपास देश आणि ११ हजारांच्या वर संस्था ह्यात नोंदलेल्या आहेत, म्हणजे प्रकरण छोटं नाहीये.

हे लागलं का, ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय ह्याची किंमत कळत नाही. सत्तरच्या दशकापर्यंत युगांडाचं माकेरेरे, नायजेरियाचं इबादान अशा विद्यापीठांच्या लायब्रऱ्या चांगल्या भरलेल्या होत्या. ऐंशीच्या दशकात ह्या देशांना कर्जाचा फास बसला, चलनं कोसळली, आणि जर्नलची वर्गणी तर डॉलर-पौंडात भरायची, त्यामुळे बजेट कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच. त्यातून त्या काळी वर्ल्ड बँकेचा हिशेब असा होता की प्राथमिक शिक्षणावर घातलेल्या पैशाचा परतावा जास्त आणि विद्यापीठावर घातलेल्याचा कमी, मग सरकारांनी आणि देणगीदारांनीही उच्च शिक्षणाच्या बाबतीत हात आखडता घेतला. पुढे २००० साली वर्ल्ड बँक आणि युनेस्कोने मिळून नेमलेल्या टास्क फोर्सनेच सांगितलं की हा हिशेब अपुरा होता, पण मधली वीस वर्षं गेली ती गेलीच. त्याच सुमारास आरोग्य संघटनेने पाहणी केली तर सगळ्यात गरीब देशांतल्या ५६ टक्के संस्थांकडे आंतरराष्ट्रीय जर्नलची एकही चालू वर्गणी नव्हती. एकही नाही! म्हणजे तिथला प्राध्यापक वर्गात जे शिकवणार ते त्याने स्वतः परदेशात पीएचडी करताना जे वाचलं होतं तेच, वर्षानुवर्षं.

मग जुलै २००१ ला आरोग्य संघटनेने सहा मोठ्या प्रकाशकांना ह्यासाठी राजी केलं, एल्सव्हियर, स्प्रिंगर, वायली, ब्लॅकवेल वगैरे मंडळी, आणि जानेवारी २००२ ला पंधराशेच्या आसपास जर्नल्स घेऊन हिनारी चालू झालं. संघटनेतल्या बार्बरा एरनसन ह्या लायब्ररियन बाईंचा त्यात मोठा वाटा होता, हे मुद्दाम सांगतो कारण असल्या गोष्टींचं श्रेय नेहमी डायरेक्टर लोकांच्या नावावर जातं. प्रकाशकांचं गणितही समजण्यासारखं आहे, जिथे एका पैशाची विक्री होत नव्हती तिथे फुकट दिल्याने त्यांचं काही बुडत नव्हतं, वर नाव होत होतं ते वेगळंच. हा मुद्दा जरा लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष वापराचं. एकट्या माणसाला हे मिळत नाही, नोंदणी संस्थेनेच करायची. विद्यापीठ, कॉलेज, संशोधन संस्था, हॉस्पिटल, सरकारी ऑफिस, सार्वजनिक लायब्ररी, नफा न कमावणारी स्थानिक संस्था हे चालतं, धंदेवाईक कंपनीला दार बंद. ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग तुमचा देश कुठल्या गटात आहे त्यावर सगळं ठरतं. गट ए म्हणजे फुकट. गट बी म्हणजे फी, आणि तिथे बराच काळ संस्थेमागे वर्षाला १,५०० डॉलर हा दर होता, त्यात सगळे शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर आले. खऱ्या वर्गणीच्या मानाने हा आकडा काहीच नाही, कारण एकेका जर्नलचीच वर्षाची वर्गणी हजारो डॉलर असू शकते. पण लहान गावातल्या नर्सिंग कॉलेजने डॉलरमध्ये पैसे बाहेर पाठवायचे म्हणजे परकीय चलनाची परवानगी, खात्याची मंजुरी, वरच्या साहेबाची सही, आणि एवढं सगळं होईपर्यंत आर्थिक वर्ष संपून बजेट परत गेलेलं असतं. रक्कम छोटी असून उपयोग नाही, घोडं कागदावर अडतं.

पोर्टल दिसायला साधं आहे, चकाचक नाही, आणि ते बरंच आहे कारण हळू नेटवर भारी पान उघडतच नाही. वर एक सर्च बॉक्स, त्यात सगळ्या विषयांत एकदम शोधता येतं, नाहीतर जर्नलच्या नावाने, प्रकाशकाच्या नावाने, विषयाने जाता येतं. वैद्यकवाल्यांसाठी पबमेड, म्हणजे वैद्यकाचे पेपर शोधायची साइट, हिनारीतून उघडायची सोय आहे आणि माझ्या मते पूर्ण सर्व्हिसमधला सगळ्यात कामाचा भाग तोच, कारण पबमेडची सवय जगभरच्या डॉक्टरांना असते, नवीन काही शिकावं लागत नाही, फक्त शेवटच्या क्लिकला पैसे मागायच्या ऐवजी पीडीएफ उघडतं. पहिल्यांदा ते बघितलेल्या पोस्टग्रॅज्युएटच्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. कॉक्रेन लायब्ररीसारखं, कुठल्या उपचाराला किती पुरावा आहे ते गोळा करून ठेवणारं, एरवी महागडं प्रकरण पण ह्यात येतं, आणि ज्याला औषधोपचाराचे पुरावे बघून निर्णय घ्यायचेत त्याला तेवढ्यासाठीसुद्धा नोंदणी करणं परवडतं.

पण एक गोष्ट नवीन माणसाला हमखास चकवते. पेपर उघडायचा तो पोर्टलमधूनच. म्हणजे तुम्ही गुगलवर पेपर शोधला, सरळ प्रकाशकाच्या साइटवर गेलात, तर तिथे तुम्ही कोण, कुठले, हे त्यांना माहीत नसतं आणि पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय पुढे न सोडणारी भिंत, समोर येते. लॉगिन करून, पोर्टलच्या लिंकवरून गेलात की तोच पेपर उघडतो. आमच्या इथले अर्धे लोक ह्याच कारणाने "काही चालत नाही ते" म्हणून सोडून द्यायचे. शिकवलं की दहा मिनिटांचं काम आहे, पण शिकवणार कोण?

इथे लायब्ररियनचा विषय येतो. लॉगिन संस्थेच्या नावाचं असतं आणि ते कुणाला द्यायचं, कसं द्यायचं हे लायब्ररीच्या हातात. नियम असा की पासवर्ड संस्थेबाहेर जाता कामा नये, इंटरनेटवर कुठे लावायचा नाही, अख्खाच्या अख्खा अंक उतरवून घ्यायचा नाही. नियम रास्त आहेत, प्रकाशकाने फुकट दिलंय तर एवढं तो मागणारच. पण त्याचा परिणाम असा होतो की घाबरट संस्थेत पासवर्ड कपाटात जातो. मी जिथे होतो तिथे तो एकाच माणसाकडे असायचा, मागायला गेलं की आधी अर्ज आणा, विभागप्रमुखाची सही आणा, आणि साहेब रजेवर असले की सगळंच रजेवर. दुसरं टोक म्हणजे काही ठिकाणी पासवर्ड नोटीस बोर्डावर छापून लावतात आणि मग तो विद्यार्थ्यांच्या मेसेज ग्रुपवरून देशभर फिरतो. मधला रस्ता म्हणजे कॅम्पसच्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवर कॅम्पसची ओळख असलेल्या नंबरावरून, ॲक्सेस चालू करून घेणं, म्हणजे कॅम्पसमध्ये पासवर्डची भानगडच राहत नाही, पण त्यासाठी विद्यापीठाच्या आयटीवाल्यांकडे स्थिर आयपी आणि थोडी इच्छा दोन्ही लागतं. पहिलं मिळतं बरेचदा.

नेटबद्दल रिसर्च४लाइफला दोष देता येत नाही तरी सांगायला हवं की सगळी सर्व्हिस ऑनलाइन आहे, वीज गेली, लाइन गेली की संपलं. अशा जागांसाठी दुसरे लोक वेगळ्या वाटेने गेले होते. कॉर्नेल विद्यापीठाने टील म्हणून शेतीच्या जर्नलांचा संच काढला होता, आधी सीडींवर आणि नंतर हार्ड डिस्कवर, इंटरनेटची गरजच नाही. आयोवा विद्यापीठात सुरू झालेलं ईग्रॅनरी त्याच विचाराचं, वेबसाइटींची अख्खी नक्कल कॅम्पसमधल्या सर्व्हरवर आणून ठेवायची. आणि इटलीत त्रिएस्तला अब्दुस सलामांनी १९६४ मध्ये उभं केलेलं आयसीटीपी हे भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, त्यांनी तर भौतिकशास्त्र-गणितवाल्यांना लागेल तो पेपर ईमेलने पाठवायची सोय काढली होती. ईमेल कसल्याही नेटवर जातं ना, म्हणून. मला हे लोक फार आवडतात, समोरच्याची अडचण बघून सोय केलेली कळते. रिसर्च४लाइफमध्ये ऑफलाइनचा असा काही विचार नाही ही माझी एक तक्रार.

ट्रेनिंग मात्र झकास. ऑनलाइन कोर्स फुकट, सर्टिफिकेट मिळतं, वेबिनार होतात, आफ्रिकेत इटोका नावाची संस्था गावोगावच्या लायब्ररियनांना बसवून शिकवते. कोर्समध्ये फक्त बटणं कुठली दाबायची एवढंच नाही, पेपर कसा वाचायचा, संदर्भ कसे ठेवायचे, फसवी जर्नल्स कशी ओळखायची हेही असतं. फसव्या जर्नलांचा धडा तर आधी घ्यावा असा, कारण बढतीसाठी पेपर मोजणारी विद्यापीठं आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स ह्यांची गाठ सगळ्यात घट्ट गरीब देशांतच बसते. भाषेचं मात्र बघा, पोर्टल फ्रेंच-स्पॅनिशमध्ये वापरता येतं पण आतला माल बहुतांशी इंग्रजी, त्यामुळे सेनेगल, माली, बुर्किना फासोसारख्या फ्रेंच शिकलेल्या ठिकाणी फायदा आपोआप अर्धा होतो.

आता मेख. दिसतं ते सगळं उघडतंच असं नाही. प्रत्येक प्रकाशकाला अधिकार आहे की अमुक देशाला आम्ही देणार नाही, आणि काही प्रकाशक तो वापरतात, विशेषतः जिथे त्यांची विक्री चालते तिथे. म्हणून शेजारशेजारच्या दोन देशांत, एकाच गटात असूनसुद्धा, यादी वेगळी दिसू शकते.

ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बांगलादेशाचं. जानेवारी २०११ ला तिथल्या संस्थांना कळवण्यात आलं की एल्सव्हियर, स्प्रिंगर वगैरे प्रकाशकांनी आपली जर्नल्स हिनारीतून काढून घेतली आहेत. अडीच हजारांच्या वर जर्नल्स, एका फटक्यात. कारण काय, तर तिथे आता विक्री सुरू झाली होती. बघा, मघाचंच गणित, धंदा नव्हता तोवर दान, आणि धंद्याचा वास आला की दान बंद! ब्रिटिश मेडिकल जर्नल, लॅन्सेट ह्यांच्यात आरडाओरडा झाला, लॅन्सेट तर स्वतःच एल्सव्हियरचं आहे, आणि प्रकाशकांनी थोड्याच दिवसांत माघार घेतली, जर्नल्स परत आली. पण त्या काही दिवसांत ज्याचा थिसिस अर्धवट होता त्याला जे कळायचं ते कळलं. आणि ज्याने त्या वेळी माघार घेतली त्याच्याकडे अधिकार अजून आहेच. पूर्ण योजनाच तशी मुदतीवर चालते, प्रकाशक २०१५ पर्यंत देऊ म्हणाले, मग २०२०, मग २०२५, असं पुढे पुढे. आत्तापर्यंत दर वेळी वाढवलीय हे खरं आणि त्यासाठी त्यांना मानलं पाहिजे, पण एखादं विद्यापीठ पाच वर्षांची पीएचडी सुरू करताना दुसऱ्याच्या मर्जीवर किती विसंबणार?

देश निवडायची पद्धत पण समजून घ्या. दरडोई उत्पन्न, एकूण राष्ट्रीय उत्पन्न, मानव विकास निर्देशांक, संयुक्त राष्ट्रांची सगळ्यात कमी विकसित देशांची यादी, लोकांचं निरोगी आयुर्मान, असं बरंच काही धरतात. ऐकायला न्याय्य आहे. पण मोजमाप देशाचं, आणि वापर संस्थेचा. एकूण उत्पन्न मोठं असलेला देश बाहेर राहतो, मग त्याच्या मागास जिल्ह्यातलं कॉलेज कितीही फाटकं असो. भारत बाहेर आहे तो ह्याच प्रकारच्या हिशेबाने. उलट गट एच्या देशात राजधानीतलं परदेशी पैशावर चालणारं पॉश संशोधन केंद्र आणि डोंगरातलं नर्सिंग कॉलेज दोघांना सारखंच फुकट. आणि प्रगती केली की शिक्षा, असाही प्रकार आहे. बांगलादेश आणि नेपाळ कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली गेली, ते देशाच्या दृष्टीने चांगलंच, पण त्याने एखाद्या विद्यापीठाच्या लायब्ररीचं बजेट रातोरात वाढत नाही. गट बदलला की फी, आणि गटातून बाहेर पडलं की थेट बाजारभाव. मधे जिना नाही.

मला माहितीये आता काही जण म्हणणार की एवढी कटकट कशाला, पेवॉलमागचे पेपर फुकट उतरवून देणारी साय-हब ही साइट आहे की. आहे, २०११ पासून आहे, कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने काढलेलं, आणि सायन्स मासिकाने २०१६ ला त्याच्या सर्व्हरची आकडेवारी छापली तेव्हा सहा महिन्यांत २ कोटी ८० लाख डाउनलोड निघाले होते, आणि त्यात श्रीमंत देशांतले, चांगली वर्गणी असलेल्या विद्यापीठांतले लोकही भरपूर होते, म्हणजे पोर्टलचा कंटाळा फक्त गरिबांनाच येतो असं नाही. पण ते बेकायदा आहे, प्रकाशक कोर्टात जिंकलेत, आणि सरकारी हॉस्पिटलने किंवा विद्यापीठाने त्यावर अधिकृतपणे काही उभं करता येत नाही. कायदेशीर वाटेत ईआयएफएलसारख्या संस्था आहेत, १९९९ पासून त्या अनेक देशांच्या लायब्रऱ्यांच्या गटांसाठी प्रकाशकांशी भाव करतात. ते काम हळू चालतं, पण तिथे लायब्रऱ्या टेबलाच्या ह्या बाजूला स्वतः बसलेल्या असतात, मला ते जास्त पटतं.

आता लायबेरियाची गोष्ट, कारण ह्या सगळ्याचं महत्त्व तिच्याशिवाय सांगता येत नाही. २०१४ ला इबोला आला तेव्हा सगळे म्हणत होते की हा रोग पश्चिम आफ्रिकेत नवीनच. एप्रिल २०१५ ला लायबेरियाच्या आरोग्य मंत्रालयातल्या प्रमुख डॉक्टर बर्निस डॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की आम्हाला जुने पेपर सापडलेत, त्यातला एक १९८२ चा, युरोपियन संशोधकांचा, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की लायबेरिया इबोलाच्या पट्ट्यात धरायला हवा. पेपर पेवॉलमागे. एक प्रत उतरवायला ४५ डॉलर, तिथल्या डॉक्टरचा साधारण अर्ध्या आठवड्याचा पगार. पण त्यांच्या लेखातला मला लागलेला मुद्दा पुढचा आहे, असल्या पेपरांवर लेखक म्हणून एकही लायबेरियन नव्हता. रक्त लायबेरियाच्या लोकांचं, नावं बाहेरच्यांची, आणि देशाला पत्ताच नाही. म्हणजे पेवॉल उद्या पाडली तरी अर्धाच प्रश्न सुटतो. वाचायला मिळणं एक, आणि लिहिणाऱ्यांत आपलं नाव असणं दुसरं.

आणि ह्या दुसऱ्या बाबतीत रिसर्च४लाइफचं एक आडवळणाने झालेलं काम आहे जे बऱ्याच जणांना माहीतच नाही. आता जग ओपन ॲक्सेसकडे चाललंय, म्हणजे वाचणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत, पेपर छापून घेणाऱ्याने द्यायचे. युरोपातल्या निधी देणाऱ्यांनी २०१८ ला प्लॅन एस, म्हणजे आमच्या पैशावरचं संशोधन सगळ्यांना फुकट वाचता आलं पाहिजे हा नियम, काढल्यावर ह्याला जोर आला. वाचणाऱ्याची चांदी, पण लिहिणाऱ्याचं काय? नेचर ह्या नामांकित जर्नलने नोव्हेंबर २०२० ला एका पेपरसाठी ९,५०० युरो दर जाहीर केला. पुष्कळ देशांत प्राध्यापकाचा वर्षाचा पगार तेवढा नसतो. आधी भिंत वाचकासमोर होती, ती उचलून लेखकासमोर ठेवली. तर ह्यात सूट द्यायची कुणाला हे ठरवताना पुष्कळ प्रकाशक रिसर्च४लाइफचेच गट वापरतात, गट एला पूर्ण माफी आणि गट बीला साधारण निम्मी. म्हणून तुमची संस्था नोंदलेली असो वा नसो, देश कुठल्या गटात आहे ते पेपर पाठवायच्या आधी बघून ठेवा. कुठे पत्रव्यवहार करणारा लेखक त्या देशातला असला की पुरतं, कुठे सगळेच्या सगळे लेखक त्या गटातले लागतात, आणि दुसरी अट लागली की श्रीमंत देशातल्या गाइडचं नाव घातल्याबरोबर माफी गेली. शिवाय बहुतेक ठिकाणी ही माफी पूर्ण ओपन ॲक्सेस जर्नललाच, अर्धं वर्गणीचं अर्धं ओपन अशा हायब्रिड जर्नलला नाही. बारीक अक्षरं वाचा, आणि माफी पेपर पाठवतानाच मागा, स्वीकारल्यावर मागितली तर बरेचदा उशीर झालेला असतो.

ब्राझीलवाल्यांनी हे दुखणं फार आधी ओळखलं. १९९७-९८ ला त्यांनी सायलो सुरू केलं, साओ पाउलो राज्याच्या संशोधन निधीच्या जोरावर, आपल्या देशाची जर्नल्स आपणच ऑनलाइन चढवायची, वाचायला फुकट, पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये सुद्धा. मग बाकी लॅटिन अमेरिकेत पसरलं, मेक्सिकोतून तसंच रेडालिक आलं. आफ्रिकेत आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन १९९८ पासून आहे. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो की मक्याच्या कुठल्या कीडीवर काम करायचंय तर आधी इकडे बघा, अगोरामध्ये अमेरिकेतल्या कीडीवर हजार पेपर मिळतील पण तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातली कीड कुणीतरी स्थानिक जर्नलमध्येच लिहून ठेवलेली असते. रिसर्च४लाइफवर जास्त विसंबल्याचा हा एक तोटा मला दिसला, पोरांना वाटायला लागतं की जे त्या पोर्टलवर दिसतं तेच शास्त्र.

आणि सरकारांचंही सांगतो, नाहीतर सगळं खापर प्रकाशकांवर फुटतं. देशाच्या जीडीपीच्या १ टक्का संशोधनावर खर्च करू हे आफ्रिकेतल्या नेत्यांनी १९८० च्या लागोस प्लॅनमध्ये लिहून ठेवलंय, आफ्रिकन युनियनने पुढे २००७ च्या आसपास तेच परत ठरवलं, आणि बहुतेक देश अजून तिथे पोचलेले नाहीत. कधी कधी तर मंत्रालयातला माणूस रिसर्च४लाइफचं नाव घेऊनच लायब्ररीचा निधी नाकारतो, की तुम्हाला फुकट मिळतंय ना मग पैसे कशाला. फुकट जर्नल मिळालं म्हणून रिएजंट, म्हणजे प्रयोगाला लागणारी रसायनं, फुकट येत नाहीत, आणि बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होत नाही.

रेटिंग द्यायचंच तर वाचायच्या सोयीला पाचात साडेचार, ट्रेनिंगला पाचात पाच, पोर्टलच्या वापराला साडेतीन, आणि उद्याच्या भरवशाला दोन. एवढी तफावत असलेली सरासरी काढण्यात अर्थ नाही.

कुणी घ्यावं? गट एच्या देशात असाल तर विचार कसला करताय, आजच लायब्ररीत जाऊन विचारा नोंदणी आहे का, कारण बऱ्याच संस्थांची नोंदणी असते आणि शिक्षकांना पत्ताच नसतो. गट बीमध्ये असाल तर आधी बघा की तुमच्या विषयातले मुख्य प्रकाशक तुमच्या देशाला उघडे आहेत का, मगच फीच्या फायलीमागे लागा. आयटीवाल्यांकडून कॅम्पसचा आयपी जोडून घ्या. नवीन बॅच आली की पहिल्याच आठवड्यात तासभर पोर्टल दाखवा, पबमेडपासून सुरुवात करा. आणि लागतील ते पेपर पहाटे उतरवून ठेवत जा, पहाटे नेटवर कुणी नसतं.